हिरवा परत येईपर्यंत

माझ्या छातीतून काढलेलं पाणी मी मागून घेऊन पाहिलं.

धुळ्याच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाठीत सुई घालून ते काढलं. बाटली झाकून सिस्टर निघाल्या, तेवढ्यात मी म्हणाले, "थांबा, मला दाखवा." त्यांना वाटलं, बाई घाबरली. घाबरले होतेच, पण आत नेमका कसला पिवळा निघाला याची उत्सुकता भीतीपेक्षा जास्त होती. सिस्टरनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. गव्हाच्या काडाचा पिवळा, आणि तळाशी अगदी किंचित हिरवट झाक!

"हा रंग मला तीन वर्षं जमत नाहीये," मी म्हणाले.

डॉक्टर आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "ह्या नेहमी अशाच असतात का?"

"नेहमी," हे म्हणाले. "आज जरा कमी आहे."

मी अमळनेरच्या एका शाळेत पंचवीस वर्षं चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात जलरंगात चित्रं काढते. माझं नाव सुमन. माझा टीबी बरा झाला आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांच्या घरात आत्ता हे दुखणं चालू आहे त्यांना जीव मुठीत धरून वाचायला नको. पण मला सांगायचंय ते टीबीचं थोडं आणि माझ्या डोळ्यांचं जास्त. आणि त्यात मी जो गाढवपणा केला, तो तर सविस्तर सांगणार आहे. तो तुम्ही करू नये एवढ्यासाठी.

तारीख मिळाली, तापही मिळाला

त्या वर्षी पावसाळ्यात जळगावातलं चित्रांचं एक दालन मला पुढच्या फेब्रुवारीतल्या सहा दिवसांसाठी मिळालं. एकटीचं, पहिलं प्रदर्शन! तोवर मी चौघींच्या प्रदर्शनात पाचवी म्हणून कोपऱ्यात दोन चित्रं टांगलेली बाई होते. पत्र हातात आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि का उठले ते आठवेना म्हणून परत बसले.

विषय ठरलेलाच होता. केळी. माझं माहेर यावल तालुक्यातलं, फैजपूरच्या अलीकडचं. लहानपणापासून केळीचे बाग बघत आले, आणि लोक त्याला नुसतं 'हिरवं' म्हणतात याचा मला राग येतो. नुकता बाहेर आलेला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, असतो तो पोपटीसुद्धा नसतो, त्याच्यात दुधाची छटा असते. जुनं पान वरून निळसर आणि खालून राखाडी. सूर्य पानाच्या मागे गेला की तोच हिरवा सोन्यासारखा पेटतो. असे वीस-बावीस हिरवे मला एका दालनात, भिंतभर लावायचे होते. दुसरा कुठलाच रंग नको. लोक वेडी म्हणाले असते तरी चाललं असतं.

त्याच महिन्यात संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला. मग खोकला, मग एका कुशीवर झोपलं की छातीत काहीतरी हलल्यासारखं. मी दोन आठवडे काढा पीत चित्रं काढली. तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना मध्येच बसले आणि मुलं म्हणाली, "मॅडम, तुमचे ओठ निळे झालेत." मला तेव्हासुद्धा पहिल्यांदा कुठला निळा हेच विचारावंसं वाटलं.

निदान झालं त्या दिवशी आमचे हे रडले, मी नाही. हे एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. रोज हजार माणसांची चिडचिड ऐकून घेणारा माणूस, पण 'टीबी' हा शब्द ऐकून हॉस्पिटलच्या पायरीवर बसला. मग डोळे पुसून त्यांनी पहिली गोष्ट काय सांगितली? "कोणाला सांगू नको. न्यूमोनिया म्हनानं."

आमच्या मुलीसाठी, चारूसाठी, तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. ह्यांचं काय चुकलं म्हणा. पण मला ते फार लागलं. मी काही चोरी केली नव्हती. आम्ही त्या पायरीपासून वॉर्डापर्यंत एकमेकांशी बोललो नाही, आणि वॉर्डात पुढचे नऊ दिवस आम्ही 'न्यूमोनिया' बघायला आलेल्या लोकांना भेटत राहिलो. शेवटी चारूच पुण्याहून आली आणि भेटायला आलेल्या मावशीला सरळ म्हणाली, "आईला टीबी झालाय, औषध चालू आहे, बरी होईल. तुम्ही चहा घेणार ना?" पोरीनं एका वाक्यात आमचं भांडण संपवलं. मावशींनी चहा घेतला.

नऊ दिवस

वॉर्डाच्या भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या ऑइलपेंटच्या. सरकारी हिरवा. त्याच्यात कोणीतरी चुना मिसळल्यासारखा तो रंग. पहाटे साडेपाचला ताप मोजणं, सहाला चहा, सातला झाडू, नऊला डॉक्टर, आणि मग दिवसभर काहीच नाही. मी चारूकडून छोटी रंगपेटी मागवली. हे म्हणाले, "आराम कर." मी म्हणाले, "हाच आराम."

शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एक अक्का होत्या. दम्यानं बेजार, पण तोंड बंद नसायचं. रोज सकाळी विचारायच्या, "आज काय काढस व बाई?" एक दिवस म्हणाल्या, "मना तोंड काढ. पन नाक ल्हान काढजो." मी नाक लहान काढलं. त्यांनी चित्र बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "आते मोठं कर. मीच नही वाटत." वॉर्डातल्या सिस्टरपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्या हसल्या. उरलेलं पाणी काढायला छातीत घातलेली नळी असूनही मला इतकं हसू आलं की टाका ओढला गेला.

गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या एका गोळीनं लघवी शेंदरी होते, हे सिस्टरनी सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी थक्क झाले. काय तो शेंदरी! तुम्हाला किळस वाटेल, पण ज्यांना हे औषध चालू होणार आहे त्यांनी घाबरू नका, एवढं नक्की लक्षात ठेवा.

आणि घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. एक गोळी अशी आहे की क्वचित कुणाच्या डोळ्यांवर परिणाम करते. "अक्षर पुसट झालं किंवा रंग फिके वाटले, तर वाट बघू नका. त्याच दिवशी या."

मी हसले. "डॉक्टर, रंग फिके झालेले माझ्याइतकं लवकर कुणाला कळणार!"

हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

ट्यूब, पाणी, कागद

ताप गेला, भूक आली, वजन वाढलं. दिवाळीनंतर मी शाळेत जायला लागले आणि रविवारी हे मला बसने यावलकडे सोडायचे. मी बांधावर बसून वहीत कच्ची रेखाटनं करायची. हात असा सुटला होता! पंधरा चित्रं तर आजाराच्या आधीचीच तयार होती. अजून सहा-सात झाली की भिंत भरणार होती.

जानेवारीत माझा हिरवा बिघडला.

म्हणजे असं, की मी नेहमीचा निळा आणि नेहमीचा पिवळा मिसळला आणि जो हिरवा झाला तो मेलेला होता. मी अजून पिवळा घातला. तरी मेलेला. थोडा तांबूस घालून पाहिला, तर काही फरकच दिसेना, म्हणून अजून घातला. सरळ आहे, ट्यूब खराब. जळगावच्या ज्या दुकानातून मी वीस वर्षं रंग घेते तिथे गेले आणि भर गिऱ्हाइकांत दुकानदाराला म्हणाले, "तुम्ही डुप्लिकेट माल ठेवायला लागलात." तो बिचारा गोरामोरा झाला. ट्यूबा परत घेतल्या, नव्या दिल्या.

नव्यांचंही तेच. मग मी पाण्यावर घेतलं. आमच्याकडे बोअरचं पाणी खारट, त्यानं रंग फाटतो, हे खरंच आहे. मी जारचं पाणी आणलं. मग कागदाचा गठ्ठा ओलसर लागला म्हणून तो उन्हात घातला. मग आकाश ढगाळ म्हणून, मग खोलीतला बल्ब पिवळा म्हणून. जलरंगवाला माणूस रंग चुकला की ट्यूबकडे बघतो, पाण्याकडे बघतो, कागदाकडे बघतो. डोळ्याकडे कधीच बघत नाही. डोळ्यानंच तर बाकी सगळं तपासायचं असतं.

मला कळलंच नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं सांगते. एकदा भाजी निवडताना मेथीतली पिवळी पानं मला वेगळी काढता आली नाहीत. क्षणभर हात थांबला. डॉक्टरांचं वाक्य आठवलं. आणि मी मनात म्हणाले, फेब्रुवारी होऊ दे. गोळी बंद केली तर पुन्हा ताप येईल, प्रदर्शन जाईल. फक्त एक महिना. मी मेथी तशीच शिजवली.

रज्जाकभाई

जळगावचे रज्जाकभाई माझ्या चित्रांना फ्रेमी करतात. त्यांचे वडीलही फ्रेमीच करायचे. चित्राभोवतीचा माउंटचा कागद कुठल्या रंगाचा घ्यायचा यावर आमचा दर वेळी वाद होतो आणि दर वेळी त्यांचंच बरोबर निघतं. मी नवीन सहा चित्रं त्यांच्याकडे देऊन आले. त्यांनी ती जुन्या पंधरांच्या शेजारी जमिनीवर मांडली, माउंट लावून बघण्यासाठी.

त्यांनी मला फोन केला नाही. ह्यांना केला. डेपोत.

"भाऊ, बुरा मानू नका," ते म्हणाले. "ताईंची ही सहा चित्रं... केळी जळून गेलीत यात. माती आणि पान एकच रंगाचं. मी समजलो की मुद्दाम काढलंय. पण आमची बेगमसुद्धा म्हणाली, ताईंना काहीतरी झालंय. तुम्ही एकदा विचारा त्यांना."

हे ड्यूटी सोडून घरी आले. एसटीतला माणूस ड्यूटी सोडून घरी येतो म्हणजे काय, ते एसटीवाल्यांच्या घरातच कळेल. त्यांनी माझ्यासमोर दोन मिरच्या ठेवल्या. "लाल कोनती?"

मी दोन्हींकडे बघितलं. मग उचलून वास घेतला.

"वास नको घेऊ, सुमन," हे म्हणाले. "देखीसन सांग."

मी मिरच्या खाली ठेवल्या. ह्यांना राग आला, आणि तो मिरच्यांचा नव्हता. "कव्हापासून?" मी सांगितलं. "आनि तू मले बोलनी नही." मी लोकांना टीबी सांगा म्हणून भांडले होते, आणि स्वतः घरातल्या माणसापासून हे लपवलं होतं. मला तोंड वर करता येईना.

कोरी पानं

दुसऱ्या दिवशी धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांच्याकडे एक पुस्तक असतं. पानावर रंगीत ठिपके आणि त्या ठिपक्यांत एक आकडा लपलेला. पहिल्या पानावर बारा दिसला. दुसऱ्या पानावर काहीच नाही. तिसऱ्यावर नाही. त्या एकेक पान उलटत होत्या आणि मी "नाही" म्हणत होते. पंचवीस वर्षं मी मुलांना रंगचक्र शिकवलं, लालच्या समोर हिरवा हे पाठ करून घेतलं, आणि त्या पुस्तकात मला ठिपक्यांचा नुसता राखाडी-पिवळा कचरा दिसत होता. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटलेली नाही. पाठीत सुई घालतानाही नाही.

"ती गोळी आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "टीबीच्या डॉक्टरांशी मी आत्ता बोलते, ते बाकीचं औषध बसवून देतील. तुमचा टीबी वाऱ्यावर सोडणार नाही कुणी."

"आणि रंग?"

"बऱ्याच जणांचे परत येतात. महिने लागतात. तुमचे किती येतील, ते मी सांगू शकत नाही. थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दालनाला फोन करून मी तारीख सोडली. तिथले क्लार्क भले होते, म्हणाले, "डिसेंबरात एक आठवडा रिकामा आहे, नाव घालून ठेवू का?" मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं, आणि ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "घाला," हे म्हणाले.

सोनगीरला उतरलो

पुढच्या तपासणीनंतर हे सरळ अमळनेरच्या गाडीत न बसता मला सोनगीरला घेऊन गेले. का, ते सांगेनात. सोनगीर म्हणजे तांब्या-पितळेची भांडी. ह्यांना नवा हंडा घ्यायचा होता म्हणे. दुकानात दोन तांबे समोर आले, एक तांब्याचा आणि एक पितळेचा, आणि मला ते एकाच धातूचे दिसले. मी हातात घेऊन फिरवत राहिले. दुकानदार म्हणाला, "कोणता देऊ, अक्का?" मी बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि पदरात तोंड घालून रडले.

ह्यांनी तेव्हा पिशवीतून माझी वही काढली. वर किल्ला दिसत होता, दुपारचा, अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत. "एकच रंग घे," हे म्हणाले. "मले काही कळत नही त्यामान्लं, पन उजेड आनि अंधार ते दिसस ना तुले?"

दिसत होता! मी नीळ घेतली. फक्त नीळ, पातळ आणि दाट. कडेचा बुरूज काढला, त्याच्यामागची तापलेली हवा काढली, खालच्या घरांचे पत्रे पांढरे सोडले. तासाभरात मी सगळं विसरले. ज्या कामाला मी रंगांचं काम समजत होते, त्यातलं अर्धं उजेडाचं होतं आणि ते अर्धं माझ्याकडे शाबूत होतं. मी ह्यांच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की दुकानदार दचकला. पुढच्या चार महिन्यांत मी निळ्या रंगात एकतीस चित्रं काढली: बोरी नदीचं कोरडं पात्र, सूतगिरणीचं गेट, आमच्या गच्चीवरचे पापड, ह्यांचं टक्कल.

घरात दर रविवारी परीक्षा असायची. हे बाजारातून टोमॅटो आणायचे आणि मी पिकले-कच्चे वेगळे करायचे. मग माझ्या 'पिकल्या' ढिगाची भाजी व्हायची. फाल्गुन ते वैशाख आम्ही कच्च्या टोमॅटोची भाजी खाल्ली आणि ह्यांनी एकदाही तक्रार केली नाही. चारू आली तेव्हा तिनं केली.

फलाटावर

मे महिन्यात एक दिवस मी ह्यांचा डबा घेऊन बसस्टँडवर गेले. भट्टीसारखं ऊन. हे केबिनमध्ये माइकवर गाड्या पुकारत होते. मी खिडकीपाशी उभी राहून डबा आत सरकवला, वळले, आणि समोर चोपड्याची गाडी उभी होती.

तिचा रंग मला हाका मारत होता. गेले पाच महिने एसटी माझ्यासाठी मातकट तपकिरी होती. आत्ता तिच्यात काहीतरी धगधगलं. मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं. तिच्यामागे कडुलिंब होता आणि तो गाडीपेक्षा वेगळा होता!

"अहो!" मी खिडकीत तोंड घालून ओरडले. "अहो, लाल! लाल दिसतोय! झाड वेगळं आहे!"

माइक चालू होता. अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. बाकावरचे लोक झाडाकडे बघायला लागले. ह्यांनी माइक जवळ ओढला आणि पुकारलं, "चोपड्याला जाणारी गाडी... फलाट तीनवर लागलेली आहे." एवढं बोलून माइक बंद केला आणि रुमालात तोंड लपवलं.

मग रंग येतच राहिले. रोज काहीतरी! कलिंगड, कुंकू, पोरांच्या रिबिनी. हिरवा सगळ्यात शेवटी आला. आधी मेंदीच्या पाल्याएवढा, मग मिरचीएवढा. टीबीचं औषध तोवर संपलं, छातीचा फोटो स्वच्छ आला, आणि डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकातले तीन सोडून सगळे आकडे मला दिसले. मी पेढे घेऊन जळगावच्या रंगाच्या दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकांत दुकानदाराची माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, मी त्या रात्री तुमच्या सगळ्या ट्यूबा घरी नेऊन एकेक तपासून बघितल्या हो. मला वाटलं, माझेच डोळे गेले."

एक चित्र

डिसेंबरच्या प्रदर्शनाला मला एक तरी नवीन हिरवं चित्र हवं होतं. परत आलेल्या डोळ्यांनी काढलेलं. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही फैजपूरच्या पुढे उतरलो. रस्त्याच्या कडेला पाच-सहा महिन्यांचा बाग उभा होता, ठिबकवरचा, जोमदार. बागात कोणी नव्हतं. मी सावलीत बसले आणि हिरव्यावर तुटून पडले. पोंगे, देठ, पानांच्या मागून येणारं ऊन... किती दिवसांनी!

अर्ध्यावर आले आणि मला ते दिसलं. बागाच्या मधोमध एक पट्टा पिवळट होता. अगदी थोडा. पानांच्या कडा किंचित उतरलेल्या.

मी ब्रश खाली ठेवला. मी ह्यांना विचारलं, "तिथे बघा. काही वेगळं दिसतंय?"

ह्यांनी कपाळावर हात धरून निरखून बघितलं. "हिरवं शे. बठ्ठं हिरवंच शे."

मी पाणी प्यायले, डोळे मिटून बसले, परत बघितलं. पट्टा तिथेच. म्हणजे पुन्हा सुरू झालं का? औषध तर कधीच बंद झालंय. मग आता कशानं? जे परत आलं ते पुरतं आलंच नव्हतं का? ह्या वेळी मी लपवलं नाही. परतीच्या बसमध्ये ह्यांना सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी बोलावून तपासलं, म्हणाल्या, मागच्यासारखंच आहे, काही बिघडलेलं दिसत नाही. पण मला पुस्तकातले ते तीन न दिसलेले आकडे आठवत राहिले. तो पट्टाही त्या तीन आकड्यांसारखा माझ्याच डोळ्यांचा दोष असला तर?

चित्र मात्र मी बदललं नाही. हात शिवशिवत होता. थोडा निळा फिरवला असता तर बाग एकसारखा झाला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मला जे दिसलं ते तसंच ठेवलं, पिवळ्या पट्ट्यासकट, आणि रज्जाकभाईंकडे दिलं. त्यांनी फ्रेम केली आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं मी चार दिवस चघळत होते.

दालनात

पहिल्या दिवशी सकाळी मी साडेआठलाच दारात उभी होते. एका भिंतीवर आजाराआधीचे पंधरा हिरवे, समोरच्या भिंतीवर निळी एकतीस. रज्जाकभाईंच्या आग्रहानं 'जळालेल्या' सहा केळीही लावल्या होत्या, खाली चिठ्ठी होती: 'ह्या वेळी मला रंग दिसत नव्हते.' त्या चित्रांपाशीच सगळ्यात जास्त गर्दी! एका बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला आणलं, त्याला तीच औषधं चालू होती. आणि एकटं मधल्या खांबावर ते नवीन चित्र.

माझे विद्यार्थी आले, शाळा आली, धुळ्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. मी इतकी बोलत होते की घसा बसला. "काय सुंदर हिरवा!" म्हणत लोक खांबापाशी थांबायचे. पट्ट्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, ह्या लोकांना तो दिसतच नाहीये. मलाच दिसतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी पांढरा सदरा-पायजमा घातलेले एक साठीचे गृहस्थ आत आले. केळीच्या कामाला जळगावला आले होते, बाहेरच्या फलकावर केळी बघून वर चढले. त्यांनी निळ्या चित्रांवर नजर टाकली नाही. सरळ खांबापाशी गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले. मग चित्राच्या इतके जवळ गेले की मला वाटलं, काचेला नाक लागेल.

"हा बाग कुठला काढला, बाई?"

मी सांगितलं. फैजपूरच्या पुढे, पुलाच्या उजवीकडे, नोव्हेंबरात.

"माहाच बाग आहे तो," ते म्हणाले. मग बोट काचेवर ठेवलं, बरोबर पट्ट्यावर. "हे मधलं पिवयं कसं काढलं तुम्ही?"

हे दोन पावलं पुढे आले. "नाना," मी म्हणाले, "ते... तिथे तसं होतं का?"

"होतं का म्हंजे? ठिबकच्या नयीत कचरा अडकला होता. त्या एका ओळीले पानीच जात नव्हतं. पानं पिवयी पडली." ते अजून चित्राकडेच बघत होते. "आम्ही रोज बागात जातो, तरी आठ रोज कोनाले कयलं नाही. मग पोऱ्यानं नयी खोलून पाह्यली तेव्हा समजलं." आता ते माझ्याकडे वळले. "आम्हाले जवळून दिसलं नाही. तुम्हाले रस्त्यावरून कसं दिसलं?"

दालनात सगळे आमच्याकडे बघत होते. ह्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. मला खूप काही सांगायचं होतं, गोळीचं, मिरच्यांचं, कोऱ्या पानांचं. तोंडातून एकच शब्द निघाला.

"दिसलं," मी म्हणाले. "दिसलं, नाना."